फाळके यांचा नेत्रविकार आणि चलच्चित्राचे दर्शन

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग प्रत्येक चरित्रकार सांगतो. मुंबईस गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यावर त्यांना चित्रपटविद्येचा ध्यास लागला. मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडून ते रोज चार-पाच तास पाहत बसत. झोप अगदी थोडी घेत. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होऊन दृष्टी गेली, पुढे डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत आली आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांनी काम पुन्हा सुरू केले, असे हे कथन आहे. त्याचा आशय असा की, भारतीय चित्रपटासाठी त्याच्या जनकाने आपले डोळे पणास लावले. नेत्राच्या रचनेविषयी व कार्याविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याच्या कसोटीवर हे कथन कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मोतीबिंदूचा विचार करू. डोळ्यातील भिंग पारदर्शक असते, ते त्यातील प्रथिनांच्या विशिष्ट रचनेमुळे. ही रचना बिघडून भिंग धूसर झाले म्हणजे त्यास आपण मोतीबिंदू म्हणतो. वार्धक्य, मधुमेह, आघात ही त्याची परिचित कारणे होत; सतत पाहत राहणे हे त्यांपैकी नव्हे. शिवाय एकदा धूसर झालेले भिंग औषधाने वा चष्म्याने पुन्हा स्वच्छ होत नाही. ते शस्त्रक्रियेने काढावे लागते. भिंग काढल्यावर जाड काचांचे, दूरचे व जवळचे असे निरनिराळे चष्मे लागत, हे खरे. परंतु प्रचलित कथनात उपचाराचा व चष्म्यांचा उल्लेख येतो, शस्त्रक्रियेचा येत नाही. तेव्हा ‘मोतीबिंदू’ हा शब्द येथे शास्त्रीय निदान म्हणून न घेता, दृष्टी मंदावण्यास लोकव्यवहारात दिलेले नाव म्हणून घेणे अधिक सयुक्तिक होय.

मग तीन-चार चष्म्यांचा अर्थ काय लावावा? जवळची वस्तू पाहताना भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगास ताणून धरणारे तंतू सैल होतात आणि भिंग अधिक फुगीर बनते. वयाबरोबर भिंग कठीण होत जाते आणि ही क्षमता उणावते. आपल्या भाषेने तर ह्या अवस्थेला व तिच्या चष्म्याला ‘चाळिशी’ असेच नाव दिले आहे. १९११ साली फाळके एक्केचाळीस वर्षांचे होते. छायाचित्रण, शिळाछाप आणि मुद्रण असे जवळून पाहण्याचे उद्योग त्यांनी आयुष्यभर केले होते. चित्रफितीची चौकट तपासणे, ग्रंथ वाचणे आणि भिंतीवरील चित्र पाहणे ह्या तिन्हींची अंतरे निराळी. तेव्हा चष्मेही निराळे लागणे स्वाभाविकच होते. मात्र चाळिशीने दृष्टी पूर्णपणे जात नाही. संपूर्ण, परंतु तात्पुरता दृष्टिलोप स्वच्छमंडलाच्या किंवा नेत्राच्या अंतर्भागाच्या दाहाशी अधिक जुळतो. फाळके यांच्या विकारात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असाव्यात, हे अनुमान मोतीबिंदूच्या कथेपेक्षा पुराव्याच्या अधिक जवळ जाते.

असाच प्रकार युरोपातही घडलेला दिसतो. बेल्जियमचे पदार्थवैज्ञानिक जोझेफ प्लातो यांनी १८३२ साली फिरत्या तबकडीवरील स्थिर चित्रांतून गतीचा भास निर्माण केला. त्यांनी १८२९ साली प्रयोगासाठी सूर्याकडे एकटक पाहिले होते आणि १८४३ साली ते पूर्णपणे अंध झाले. ह्या दोन घटना जोडून, विज्ञानासाठी नेत्र गमावल्याची कथा रूढ झाली. परंतु सूर्याकडे पाहिल्याने जालपटलाच्या मध्यभागास होणारी इजा तत्काळ प्रकट होते. तिला चौदा वर्षे लागत नाहीत. प्लातो यांचे अंधत्व नेत्राच्या जुनाट दाहामुळे आले असावे, असे अलीकडील वैद्यकीय अभ्यासक मानतात. दोन्ही कथांत पुढे घडलेल्या घटनेस आधीच्या ध्यासाचे फळ ठरविण्याची प्रवृत्ती सारखीच आहे.

आता चलच्चित्र पाहताना डोळा काय करतो, ते पाहू. जालपटलावरील प्रतिमा प्रकाश नाहीसा झाल्यावरही क्षणभर टिकते. त्यामुळे चित्रे एकमेकांत मिसळून गती दिसते, असे दीर्घकाळ शिकविले गेले. ह्यासच दृष्टिसातत्य म्हणतात. मूकपटाच्या काळी सेकंदास सुमारे सोळा चौकटी दाखवीत. प्रक्षेपकातील तीन पात्यांची झडप प्रत्येक चौकट तीनदा उजळून अठ्ठेचाळीस उन्मेष घडवी आणि प्रकाश अखंड भासे. परंतु दृष्टिसातत्याने फार तर लुकलुक नाहीशी होते. गती उत्पन्न होत नाही. प्रतिमा नुसत्या एकमेकींवर साचत गेल्या असत्या, तर धावणाऱ्या माणसाच्या जागी धूसर पट्टा दिसला असता. १९१२ साली माक्स वेर्थहायमर यांनी दाखविले की, दोन रेषा सुमारे साठ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने एकामागून एक दाखविल्यास, प्रत्यक्षात काहीच हलत नसता पाहणाऱ्यास शुद्ध गती दिसते. गतीचे दर्शन हे मेंदूचे कार्य आहे, ह्या विचारास त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

त्याच १९१२ साली फाळके लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्याकडे चित्रपटतंत्र पाहून आले आणि कॅमेरा घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावून, महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाभराचा लघुपट केला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविणे हा त्यांचा उद्देश होता. पण दृष्टीच्या इतिहासातही ह्या प्रयोगाचे महत्त्व आहे. मानवी दृष्टीस गती ओळखण्याच्या दोन सीमा आहेत: अतिवेगाने फिरणारे चाक तिला धूसर दिसते आणि रोपाची वाढ मुळीच दिसत नाही. फाळके यांनी दुसऱ्या सीमेपलीकडील गती पहिल्या सीमेच्या अलीकडे आणून ठेवली. ह्याची जाण त्यांना वेर्थहायमर वाचून आलेली नव्हती. हाताने काम करता करता आलेली होती.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढील चित्रपट त्यांनी येथे निर्माण केले. ‘गंगावतरण’ १९३७ साली पडद्यावर आला. म्हणजे ज्या डोळ्यांनी दृष्टी गमावल्याचे सांगितले जाते, त्यांनी पुढे पाव शतक चौकटी पारखल्या. त्यागाची कथा बाजूस सारल्याने फाळके यांची थोरवी उणी होत नाही. उलट मेणबत्तीच्या उजेडात चाळिशी लावून बसलेला, डोळ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे धीराने अजमावणारा प्रयोगकर्ता त्यामुळे आपल्यासमोर स्पष्ट उभा राहतो. इतिहासकाराने त्याचेच चित्र रेखाटावयास हवे.