नाव सफारीच, पण गाडी तीच का? जुन्या नावाच्या नव्या गाड्यांचं गणित समजून घ्या

बीड : गावाकडं 'सफारी' म्हटलं की डोळ्यासमोर येते ती मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली, उंच, जड गाडी. पुढाऱ्यांच्या ताफ्यात, लग्नाच्या वऱ्हाडात, कारखान्याच्या आवारात लोकांनी तीच पाहिली. आज शोरूममध्ये सफारी नावाने जी गाडी मिळते तिचा आणि त्या जुन्या गाडीचा नाव सोडलं तर फारसा संबंध नाही. सांगाडा वेगळा, इंजिन वेगळं, ताकद कुठल्या चाकांना जाते तेही वेगळं. तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन्ही 'सफारी' म्हणूनच विकल्या जातात. पाच लाखाची असो की वीस लाखाची, पैसे मोजण्याआधी हा फरक माहीत असलेला बरा.

टाटाची पहिली सफारी १९९८ साली आली. तिच्याखाली शिडीची चेसिस होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला खालून बघा, दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्यालाच शिडी म्हणायचं. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं सगळी या शिडीला बसवलेली आणि वरची बॉडी नट-बोल्टने आवळलेली. ताकद मागच्या चाकांना. काही मॉडेलला फोर-बाय-फोर मिळायचं, म्हणजे चारही चाकं ओढायची, आणि चढाला किंवा चिखलाला जोर मिळावा म्हणून 'लो' गिअरही असायचा. २००५ ला डायकोर इंजिन आलं, २०१२ ला सफारी स्टॉर्म आली. स्टॉर्मची चेसिस टाटाच्याच आरिया गाडीवरून घेतलेली होती, पण जात शिडीचीच. २०१७ मध्ये लष्कराने जुन्या जिप्सीच्या जागी तीन हजारांवर स्टॉर्म गाड्यांची ऑर्डर दिली, ती याच दणकटपणामुळं. २०१९ मध्ये ही सगळी पिढी बंद झाली.

आता पुढची गंमत बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत टाटाने तीन रांगांची एक मोठी गाडी दाखवली. तिचं नाव सफारी नव्हतं, 'ग्रॅव्हिटास' होतं. २०१९ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या हॅरियरचंच ते लांबवलेलं रूप. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ही गाडी आता सफारी नावाने येणार, आणि २२ फेब्रुवारी २०२१ ला १४ लाख ६९ हजार रुपये सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमतीला ती आलीसुद्धा. म्हणजे गाडी आधी तयार होती, नाव नंतर चिकटवलं. यात फसवणूक नाही, कंपनीने काही लपवलेलं नव्हतं. पण 'सफारी परत आली' असं जे आपण म्हणतो, त्यातलं परत आलं ते फक्त नाव.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

गाडीचा खालचा पाया, म्हणजे फ्लोअर, सस्पेन्शनच्या जागा, इंजिन बसायची जागा, स्टिअरिंगची जोडणी या सगळ्याला मिळून प्लॅटफॉर्म म्हणतात. हा पाया नव्याने बनवणं हेच गाडीतलं सगळ्यात खर्चिक काम. म्हणून कंपन्या एकच पाया तीन-चार गाड्यांना वापरतात. घराच्या एकाच नकाशावर भावाभावांनी वेगवेगळे दर्शनी भाग बांधावेत, तसं.

हॅरियर आणि नवी सफारी ज्या पायावर उभ्या आहेत त्याचं नाव ओमेगा आर्क. तो लँड रोव्हरच्या डी-८ या पायावरून घेतला आहे. टाटाने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, त्याचा हा फायदा. डिस्कव्हरी स्पोर्ट ही महागडी गाडी याच घराण्यातली. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अगदी सारखं, २,७४१ मिलिमीटर. २०२१ च्या सफारीची लांबी तेव्हाच्या हॅरियरपेक्षा फक्त ६३ मिलिमीटर जास्त, म्हणजे चार बोटं. तेवढ्या जागेत आणि मागून छत उचलून तिसरी रांग बसवली.

डिझेल इंजिन दोन लिटरचं, मूळ फियाटचं. बीडहून आष्टी, नगरमार्गे पुण्याला जाताना रांजणगाव लागतं, तिथल्या फियाट-टाटाच्या भागीदारीतल्या कारखान्यात ते बनतं. जीप कंपास आणि एमजी हेक्टरच्या डिझेल गाडीतही याच घराण्यातलं इंजिन होतं.

या पायाला शिडी नाही. पत्र्याची धान्याची कोठी जशी एकसंध असते, वेगळा सांगाडा नसतो आणि पत्राच सगळा भार पेलतो, तशी ही बॉडी. तिला मोनोकॉक म्हणतात. इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. डिझेल सफारीला फोर-बाय-फोर मिळतच नाही. ड्राइव्ह मोड बदलायचं गोल बटण असतं, त्यावर खडबडीत रस्त्यासाठीचा पर्यायही असतो. पण ते बटण फिरवल्याने मागच्या चाकांना ताकद जात नाही. याच घरातल्या विजेवरच्या हॅरियरला २०२५ पासून चारही चाकांचा पर्याय आला आहे, तो वेगळा विषय.

मग नवी गाडी वाईट का? अजिबात नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, धारूरच्या वळणावर जुनी सफारी जशी डोलायची तशी ही डोलत नाही. लांबच्या प्रवासात कंबर शाबूत राहते. मुख्य म्हणजे अपघातात बॉडी ठरलेल्या जागी चेपते आणि आतल्या माणसाला धक्का कमी बसतो. २०२३ च्या शेवटी भारत एनकॅप या सरकारी सुरक्षा चाचणीचे जे पहिले निकाल आले, त्यात हॅरियर आणि सफारीला पाचपैकी पाच स्टार मिळाले. पोराबाळांना घेऊन हायवेला जाणाऱ्यासाठी नवी गाडी सरस, यात वाद नको.

पण पावसाळ्यात काळ्या रानातून वस्तीवर जायचं, मागं जड ट्रॉली ओढायची, असा हिशोब डोक्यात ठेवून कोणी 'सफारी' घेत असेल तर त्याने थांबावं. ते काम जुनीचं, तेही फोर-बाय-फोर असलेल्या जुनीचं. आणि खरं सांगायचं तर गोदाकाठच्या चिखलात रुतलेली कोणतीही सफारी शेवटी ट्रॅक्टरच बाहेर काढतो.

सिएरा, बोलेरो आणि बाकीचे

सफारीनंतर टाटाने दुसरं जुनं नाव काढलं, सिएरा. १९९१ ची सिएरा तीन दारांची होती, मागं भलीमोठी काच. २५ नोव्हेंबर २०२५ ला नवी सिएरा आली ती पाच दारांची, आर्गोस नावाच्या नव्या पायावर, सुरुवातीची किंमत ११ लाख ४९ हजार. मागच्या काचेचा भास तेवढा ठेवलाय. जुन्या लोकांनी यावर नाकं मुरडली, पण एक गोष्ट विसरली जाते. ती १९९१ ची सिएरासुद्धा स्वतःच्या पायावर नव्हती. टाटाच्या पिकअपच्या चेसिसवरच ती बसवली होती. पाया वाटून घेणं ही काही आजची टूम नाही.

महिंद्राने उलटं केलं. २०१५ ला आलेली टीयूव्ही ३०० फारशी चालली नाही. जुलै २०२१ मध्ये तीच गाडी थोडे बदल करून 'बोलेरो निओ' झाली. नाव उसनं, पण शिडीची चेसिस आणि मागच्या चाकांची ताकद कायम. शिवाय जुनी बोलेरोही सोबत विकणं चालूच. त्यामुळं बोलेरोचं नाव बघून निओ घेणाऱ्याला निदान जातीची गाडी मिळते. सुटे भाग मात्र बोलेरोचे निओला लागतील असं धरून चालू नका.

बजाजच्या चेतकचं तर विचारूच नका. १९७२ चा पेट्रोलचा चेतक आणि जानेवारी २०२० चा विजेवरचा चेतक यांत नाव आणि पत्र्याची बॉडी एवढंच सारखं. बाहेरच्या देशांतही हेच चालतं. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचं इंजिन मागं होतं. १९९८ च्या नव्या बीटलखाली गोल्फ गाडीचा पाया होता आणि इंजिन पुढं. कंपन्यांना नावाची किंमत पक्की ठाऊक आहे. ॲम्बेसेडर बंद पडल्यावर २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने नुसतं ते नाव ८० कोटींना विकत घेतलं.

जुनी घेताना काय बघायचं

जाहिरातीत नुसतं 'सफारी, टॉप मॉडेल' लिहिलेलं असेल तर आधी आरसी बुकवर बनावटीचं साल बघा. २०१९ पर्यंतची असेल तर शिडीची, २०२१ पासूनची असेल तर हॅरियरच्या पायावरची. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की साल, इंधन, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. फोर-बाय-फोर असल्याचं मालक सांगत असेल तर खाली वाकून पुढच्या चाकांना जाणारा शाफ्ट आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. मागं बिल्ला काय, बाजारात चिकटवायला मिळतो.

जुनी असेल तर चेसिसला गंज आणि वेल्डिंग तपासा. शिडीची चेसिस जोडता येते हा तिचा गुण, पण त्याच गुणामुळं अपघाताची गाडी सरळ करून विकली जाते. नवी असेल तर उलट भीती. मोनोकॉकला जबर मार बसला असेल तर तालुक्याच्या गॅरेजात ती मूळ मापात येणं अवघड. मशीन असलेल्या मोठ्या वर्कशॉपलाच न्यावी लागते, म्हणून विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. सुटे भाग घेताना हॅरियरचं दुकान धुंडाळायला हरकत नाही, बरेच भाग दोन्हीला एकच आहेत.

नव्या डिझेल गाडीत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी गाळणी असते. गावातल्या गावात, शेत ते घर एवढीच गाडी फिरली तर ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठ-पंधरा दिवसांतून एकदा हायवेला वेगात अर्धा तास नेली तर काजळी आपोआप जळते. ड्रममधलं जुनं डिझेल तिला पाजू नका.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल शेवटचं. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यानं चांगल्या चालू गाड्या पडेल भावात निघतात आणि एजंटमार्फत इकडे येतात. गाडी खराबच असते असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि एमएच-२३ किंवा अंबाजोगाईचा एमएच-४४ नंबर पडेपर्यंतचा खर्च किमतीत धरावा लागतो. आणि गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर लगेच दारात उभा राहतो. एनओसी हातात आल्याशिवाय इसाराचे पैसे देऊ नयेत.