बाजार, हुकूमत आणि आमचा कापूस

गेवराई तालुक्यातले आमचे उमापूर कापसाचे गाव. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, दसऱ्याच्या सुमारास फुटणारी बोंडे आणि वेचणीला निघालेल्या बाया, हे चित्र आम्ही जन्मापासून पाहत आलो. त्याच चित्राचा दुसरा भाग म्हणजे खरेदी केंद्रासमोरची गाड्यांची रांग. लहानपणी अब्बांबरोबर अशा एका रांगेत आम्ही दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने गाडीत हात घातला, मूठभर कापूस चिमटला आणि प्रत एक पायरी खाली लिहिली. अब्बा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर आम्ही विचारले, "दुसरीकडे का विकत नाही?" ते म्हणाले, "बेटा, दुसरीकडे विकणे गुन्हा आहे."

आपल्या शेतात पिकवलेला माल विकणे गुन्हा कसा, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. पुढे इतिहास वाचताना कळले की हा प्रश्न फार जुना आहे.

गोदावरीपलीकडच्या देवगिरीवर १२९६ मध्ये चालून आलेला अलाउद्दीन खिलजी पुढे दिल्लीचा सुलतान झाला. मोठी फौज कमी पगारात ठेवायची, तर धान्य स्वस्त हवे. म्हणून त्याने बाजारावर हुकूम बसवला. जियाउद्दीन बरनीने तारीख-ए-फिरोजशाहीत ते दर नोंदवून ठेवले आहेत. गहू मणाला साडेसात जितल, तांदूळ पाच, जव चार. मंडीवर शहना नेमला, हेर ठेवले, वजनात खोट निघाली तर दुकानदाराच्या अंगाचे तेवढे मांस कापण्याची शिक्षा ठरवली. दिल्लीत स्वस्ताई झाली, हे खरे. पण दोआबातल्या रयतेकडून निम्मे पीक सारा म्हणून जाई आणि उरलेले सरकारी दराने व्यापाऱ्यांच्या हवाली करावे लागे. शहराची स्वस्ताई खेड्याच्या कणगीतून आली होती. १३१६ मध्ये सुलतान मेला आणि थोड्याच काळात ही व्यवस्थाही मोडली. भीतीवर उभा केलेला भाव भीतीबरोबरच संपला.

त्याच शतकात, १३७७ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या एका किल्ल्यात बसून इब्ने खल्दून आपला मुकद्दमा लिहीत होता. राज्यकर्त्याने स्वतः व्यापारात पडू नये, असे त्याने एका स्वतंत्र प्रकरणात बजावले आहे. त्याचे कारण साधे आहे. ज्याच्या हाती फौज आणि खजिना, त्याच्याशी व्यापारी आणि शेतकरी स्पर्धा करू शकत नाहीत. तो स्वस्तात घेतो, महाग विकतो. लोकांचा कमावण्याचा उत्साह मरतो आणि शेवटी खजिन्यात येणारा करही आटतो. आज ज्याला मुक्त अर्थव्यवस्थेचा विचार म्हणतात, त्याचे एक मूळ आपल्याच घरात सापडते.

त्याहून जुना दाखला हदीसमध्ये आहे. मदिन्यात महागाई झाली तेव्हा लोकांनी पैगंबरांकडे (स.) भाव ठरवून देण्याची मागणी केली. त्यांनी ती मान्य केली नाही. भाव अल्लाहच्या हाती आहे, आणि कुणाच्या जिवावर वा मालावर जुलूम केल्याचा दावा आपल्यावर नसावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पण हेही विसरू नये की साठेबाजीला त्यांनी तितक्याच स्पष्टपणे गुनाह ठरवले. पुढे इब्ने तैमियांनी जुलमी साठेबाजी असेल तर हुकूमतीने भाव ठरवावा, असे मत दिले. म्हणजे बाजार मोकळा, पण माप खरे. मुहतसिब बाजारात फिरे तो माप तपासायला, माल विकायला नव्हे.

आता आमच्या कापसाकडे येऊ. महाराष्ट्रात कायदा झाला १९७१ मध्ये आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगला होता. दलालांच्या कचाट्यातून शेतकरी सोडवायचा, हमी दर द्यायचा, नफा झाला तर त्यातून बोनस द्यायचा. काही वर्षे बाजारापेक्षा चांगला दरही मिळाला. पण बाहेर भाव चढला की शेतकरी अडकला. परराज्यात कापूस नेणे बंद, म्हणून सीमेवर गाड्या अडवल्या जात. चुकारे हप्त्यांनी आणि उशिरा मिळत. पुढे योजनाच तोट्यात गेली आणि २००२ नंतर एकाधिकार सैल झाला.

या बंधनांविरुद्ध उभे राहिले शरद जोशी. स्वित्झर्लंडमधील बर्नची नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि शेतकरी संघटना उभी राहिली. शेतकऱ्याची गरिबी ही देणगी न मिळाल्यामुळे नसून सरकारने भाव पाडल्यामुळे आहे, असे त्यांचे म्हणणे. लेव्ही, निर्यातबंदी, आवश्यक वस्तू कायदा ही त्यांच्या लेखी भाव पाडण्याची हत्यारे. म्हणून भीक नको, घामाचे दाम हवे. १९८६ च्या डिसेंबरात कापूस आंदोलनात हिंगोलीजवळच्या सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. आपल्या मराठवाड्याच्या मातीत कापसाच्या दामासाठी रक्त सांडले आहे. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, यात आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. २०१५ मध्येच राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईंची बंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. थकलेला बैल विकून नवा घेण्यासाठी पैसा उभा करणारा शेतकरी आणि तो विकत घेणारा कुरेशी, दोघांचा बाजार एका फटक्यात बंद झाला. २०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा बैलबाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांनाही त्याची झळ बसली. शेतकऱ्याच्या कापसाचा मालक होणारी हुकूमत उद्या कुणाच्या धंद्याचीही मालक होऊ शकते. तिचा पहिला घाव आपल्यावर नसेल, तर तो आपल्याला दिसत नाही, एवढेच.

तरीही सरकार नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या बुजुर्गांनी भोगला आहे. त्या वर्षी खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या सरकारी कामांनी बीड जिल्ह्यात चुली पेटत्या ठेवल्या. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. एकाच वर्षी सरकारचा एक हात कापसाची गाडी अडवत होता आणि दुसरा हात उपाशी माणसाला काम देत होता. आणि एकाधिकार गेल्यावर सारे सुखाचे झाले, असेही नाही. आज खासगी काट्यावर वजन मारले जाते, तेव्हा तपासायला मुहतसिब नसतो.

अब्बा आता कापूस जिथे भाव बरा तिथे विकतात. गुन्हा राहिलेला नाही. मागच्या हंगामात ते काट्यावरून परतले तेव्हा आम्ही विचारले, "यंदा कसे?" ते म्हणाले, "विकायला मोकळा आहे बेटा. काटा मात्र अजून त्यांचाच आहे."