हॅरिएट टबमनचे वृद्धगृह आणि शंभर डॉलरची अट

गेल्या वर्षी मी माझ्या आजीसाठी वृद्धाश्रम शोधत होतो. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, कारण आपल्या वस्तीत हा शब्द अजून शिवीसारखा उच्चारला जातो. "आपल्यात असं करत नाहीत," असे मला ज्यांनी ऐकवले त्यांच्यापैकी एकही जण एक रात्र आजीच्या उशाशी बसायला आला नाही, ही गोष्ट वेगळी. आजीचे खुब्याचे हाड मोडले होते. मी कॉलेजात, बायको शाळेत, आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात दिवसभर म्हातारी एकटी. १९७२ च्या दुष्काळात या बाईने सरकारी कामावर खडी फोडली. पुढे शेतमजुरी केली, दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणे काढली, आणि तिच्या घामावर आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणजे मी, उभा राहिला. तिला कोणी निवृत्त केले नाही. अंग चालेनासे झाले तेव्हा काम थांबले, एवढेच.

ज्या संस्थेत गेलो तिथे बाग होती, भजनाची खोली होती, परिचारिका होती. ठेव तीन लाख, परत न मिळणारी. दरमहा अठरा हजार. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. टेबलामागच्या गृहस्थांनी आडनाव वाचले, गाव विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला आहे तेही विचारले. नंतर अगदी मायेने म्हणाले, "आमच्याकडे सगळे एकाच पंगतीला बसतात. तुमच्या आजींना जमेल ना?" मी कोरा फॉर्म घडी करून खिशात घातला आणि निघालो.

त्याच आठवड्यात वर्गात अमेरिकेतल्या गुलामगिरीचे प्रकरण चालू होते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच उचलले, तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही. पण आपण त्यातले बंड तेवढे वाचतो. बंड करणारी माणसे म्हातारी झाली तेव्हा त्यांचे काय झाले, हे पान आपण उलटत नाही. मी ते उलटले ते माझ्या गरजेने.

हॅरिएट टबमन सर्वांना माहीत आहे ती रात्रीच्या अंधारातून गुलामांना उत्तरेकडे नेणारी बाई म्हणून. मेरिलँड राज्यात १८२२ च्या सुमारास तिचा जन्म झाला. पोरवयात मुकादमाने भिरकावलेले वजन डोक्यात बसले आणि जन्मभर तिला मध्येच गुंगीचे झटके येत राहिले. १८४९ साली ती पळाली. पुढे दहाएक वर्षांत तिने सुमारे तेरा फेऱ्या करून सत्तरएक माणसे सोडवली. तीनशेचा जो आकडा पुष्कळ पुस्तकांत फिरतो तो फुगवलेला आहे. आपल्या नायकांचे आकडे फुगवण्याची गरज नसते, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

या सत्तर माणसांच्या बरोबरीने मला महत्त्वाची वाटते ती तिची १८५७ सालची कामगिरी. त्या वर्षी तिने आपले म्हातारे आईबाप बाहेर काढले. दोघेही सत्तरीच्या आसपासचे. रात्रभर पायी चालणे शक्य नव्हते. तेव्हा तिने जुनी चाके, आस आणि एक फळी जुळवून ओबडधोबड घोडागाडी उभी केली आणि त्यांना त्यात घातले. मुक्तीच्या वाटेवर म्हाताऱ्यांसाठी वाहन लागते, हा विचार करणारी ती होती. मी ही हकीकत आजीला सांगितली. आजीने विचारले, "मंग म्हातारी काय म्हनली?" मी सांगितले की कॅनडात पोचल्यावर तिथली थंडी काही तिला मानवली नाही. आजी हसली. "कुरकुर करनारच की. परमुलूख हाय."

या आईबापांच्या कागदपत्रांत गुलामाच्या म्हातारपणाचा अख्खा हिशेब सापडतो. मेरिलँडच्या कायद्याने पंचेचाळीस वर्षांपुढच्या गुलामाला मुक्त करण्याची मनाई होती. वरून हा कायदा दयाळू दिसतो: मालकाने आयुष्यभर राबवून घ्यावे आणि हातपाय थकल्यावर 'जा, तू स्वतंत्र' म्हणून रस्त्यावर सोडावे, हे त्याने रोखायचे होते. पण कायद्याला काळजी होती ती म्हाताऱ्याची नव्हे, त्याचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडू नये याची. हॅरिएटचा बाप बेन मालकाच्या मृत्युपत्रानुसार १८४० साली सुटला. आई रिट हिच्याबद्दलही जुन्या मालकाच्या मृत्युपत्रात पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतच राबवण्याची तरतूद होती. हॅरिएटने पाच डॉलर देऊन वकिलाकरवी ती शोधून काढली. तरतूद कागदावर राहिली आणि रिट राबत राहिली. शेवटी १८५५ साली बेनने स्वतःच्याच बायकोला विकत घेतले, वीस डॉलरला. नऊ लेकरांच्या आईची किंमत वीस डॉलर, कारण आता तिच्या अंगात काम उरले नव्हते.

शेजारच्याच टॅल्बट परगण्यातल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात आपली आजी म्हातारपणी रानातल्या झोपडीत कशी टाकून दिली गेली ते लिहिले. ते वाचून हजारो लोक हलले. १८४९ साली, जुन्या मालकाने तिला आपल्याकडे आणल्याचे कळल्यावर, त्याने जाहीर पत्र लिहून ती बाब दुरुस्त केली. शत्रूबद्दलही खोटे राहू नये म्हणून स्वतःच्या गाजलेल्या पानाला चूक म्हणणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. आणि त्या दुरुस्तीनेही मूळ प्रश्न सुटत नाही. आजी झोपडीत राहणार की ओसरीवर, हे शेवटी मालकाच्या लहरीवरच होते.

१८५९ साली हॅरिएटने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावाजवळ, सिनेटर विल्यम सीवर्ड यांच्याकडून सुमारे सात एकर जागा आणि घर बाराशे डॉलरला हप्त्याने घेतले आणि आईबापांना तिथे आणले. मग यादवी युद्ध आले. त्यात ती परिचारिका होती, हेर होती. २ जून १८६३ रोजी कोंबाही नदीवरच्या छाप्यात सातशेहून अधिक गुलाम सुटले, त्यात तिचा मोठा वाटा होता. युद्ध संपल्यावर सरकारने तिला काय दिले? जवळजवळ काहीच नाही. तिने भाजीपाला पिकवला, डुकरे पाळली, नवऱ्याबरोबर विटा पाडल्या. आणि या सगळ्या काळात तिच्या घराचे दार उघडे होते. आंधळे, थकलेले, अनाथ, ज्यांना कोणी नव्हते ते सगळे तिच्याकडे. वृद्धगृह हा शब्द तिच्या दारावर लागण्याच्या कितीतरी आधीपासून तिचे घर तेच काम करत होते.

दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस युद्धात लढलेला सैनिक होता. तो १८८८ साली वारला. त्याची विधवा म्हणून तिला १८९५ पासून महिना आठ डॉलर पेन्शन सुरू झाली. स्वतःच्या सेवेसाठी तिने वर्षानुवर्षे अर्ज केले. १८९९ साली अमेरिकी काँग्रेसने तिची युद्धातली शुश्रूषा मान्य करून पेन्शन वीस डॉलर केली. पंचवीसचा प्रस्ताव होता, तो घासाघीस करून वीसवर आणला. हेर म्हणून, छाप्यातली वाटाड्या म्हणून तिने जे केले त्याची किंमत मात्र शून्यच राहिली. बाई शुश्रूषा करते हे राज्यकर्त्यांना समजत होते, लढते हे समजत नव्हते.

१८९६ साली शेजारची पंचवीस एकर जमीन लिलावात निघाली. सत्तरी ओलांडलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई लिलावाला गेली आणि तिने १४५० डॉलरची बोली लावून जमीन जिंकली. जवळ पैसे नव्हते. बँकेचे गहाणकर्ज आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चची मदत यांवर व्यवहार निभावला. थकलेल्या, निराधार काळ्या माणसांसाठी घर उभारायचे, तिथे त्यांना छप्पर, जेवण आणि शुश्रूषा मिळावी, हे तिचे स्वप्न होते. त्याला तिने जॉन ब्राउनचे नाव योजले होते. पण कर आणि कर्ज तिला झेपेना. १९०३ साली तिने ही मालमत्ता चर्चच्या हवाली केली.

२३ जून १९०८ रोजी घराचे उद्घाटन झाले. मिरवणूक निघाली, बँड वाजला. आणि प्रवेशाचा नियम झाला: हॅरिएटच्याच सांगण्याप्रमाणे, शंभर डॉलर असल्याशिवाय कोणाला आत घ्यायचे नाही. तिचे म्हणणे नेमके उलटे होते. ज्याच्याजवळ एक छदामही नाही त्यालाच आत घ्यावे, असा नियम तिला करायचा होता.

शंभर डॉलर म्हणजे तिची स्वतःची पाच महिन्यांची पेन्शन. आयुष्यभर लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या काळ्या बाईने ते आणायचे कुठून?

इथे चर्चला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती काळ्या माणसांचीच संस्था होती. तिचे सभासद गरीब होते. कोळसा, औषध, दूध यांचा खर्च दर महिन्याला येणार होता. गोऱ्यांच्या वृद्धगृहांतही प्रवेश फी घेण्याची रीत होती. आपलीही संस्था तशीच रीतसर चालते, हे दाखवण्याची ओढ त्यात असावी असे मला वाटते, आणि ती ओढ मी आपल्या संस्थांच्या बैठकांत बसून पुष्कळ पाहिली आहे. 'पायाभूत निधी', 'किमान देणगी', 'शिस्त' हे शब्द आले की दाराशी उभा असलेला माणूस मागे सरकतो. त्याला मागे सारणारा हात आपल्याच माणसाचा असतो म्हणून ते कमी लागत नाही. उलट तिथे भांडायचे कसे, हेच कळत नाही. हॅरिएट मात्र भांडली. जमीन आपण दिली म्हणून गप्प बसावे, असे तिला वाटले नाही.

१९११ साली ती स्वतः त्या घरात राहायला गेली. ज्या दारावरच्या अटीला तिने विरोध केला त्याच दारातून, थकून, हातात पैसा नसताना. ती आजारी आणि कफल्लक आहे अशी बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा लोकांनी वर्गणी पाठवली. काळ्या स्त्रियांच्या मंडळांनी हातभार लावला. १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला.

हे सालही मनात राहते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी सकपाळ वारले आणि जुलैत त्यांचा मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरला. रामजी पलटणीचे पेन्शनर होते. पेन्शनीवर गेल्यावर ते काही काळ दापोलीला राहिले. तिथे आपल्या पेन्शनरांची मोठी वस्ती होती. १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकरही तिथलेच. आज ज्याला निवृत्तांची वसाहत म्हणतात तशीच ती होती, फक्त तिला बाग नव्हती. पण दरमहा स्वतःच्या हक्काचे पैसे हातात येत होते, गावकीचे तुकडे मागावे लागत नव्हते. म्हणून वलंगकर १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका लिहू शकले, रामजी मुलांना शिकवू शकले. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. आपण ती बंदी रोजगाराची आणि मानाची म्हणून सांगतो. पुढच्या पिढीचे म्हातारपणही त्याच हुकुमाने हिरावले, हे सांगायचे राहून जाते.

अमेरिकेतही पुढे तेच. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाची पेन्शन आणली आणि शेतमजूर व घरकामगारांना वगळले. म्हणजे बहुसंख्य काळे कामगार आपोआप बाहेर. त्यांना आत घ्यायला १९५० च्या दशकातल्या दुरुस्त्या लागल्या. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनात सन सिटी ही निवृत्तांसाठीची नगरी गोल्फच्या मैदानासह खुली झाली, ती जवळजवळ संपूर्ण गोरीच राहिली. हॅरिएटचे घर १९२० च्या दशकाच्या शेवटी बंद पडले होते. १९५३ साली चर्चने त्याची डागडुजी केली, १९७४ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले, २०१७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. लोक ते पाहायला जातात.

आपल्याकडे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्यातल्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांना सामावणारे गृह राज्य सरकारला काढता येईल असे म्हटले आहे. काढता येईल, काढलेच पाहिजे असे नाही. त्या एका क्रियापदात माझ्या आजीसारख्या लाखो बाया अडकल्या आहेत. हे कलम मोर्चाच्या मागणीपत्रात मी कधी वाचलेले नाही. आणि आपल्या चळवळीचे काय? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तिथपासून आपण मुलांसाठी वसतिगृहे मागत आलो, आणि ते बरोबरच होते. मी स्वतः वसतिगृहात वाढलो. पण त्या मुलांना वसतिगृहात पाठवणाऱ्या हातांसाठी आपण काहीच मागितले नाही.

आजी आता घरीच आहे. वस्तीतल्या एक मावशी सकाळी नऊ ते पाच तिच्याजवळ बसतात. आम्ही त्यांना महिना चार हजार देतो. ते कमी आहेत हे मला माहीत आहे. मावशींनी तीस वर्षे लोकांच्या घरी भांडी घासली. साठी उलटली, गुडघे गेले, मुलगा पुण्याला आहे, फोन येतो. परवा पुस्तकांच्या कपाटात झाडलोट करताना त्यांना तो घडी केलेला कोरा फॉर्म सापडला. त्यांनी तो पुसून टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी जाताना विचारले, "सर, हे कुठलं हाय? आजीला न्यायचं नसंल तर माझ्यासाठी बघता का?"