स्वस्तातली इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? किंमत नाही, आधी बॅटरी बघा

शोरूमबाहेरचा फलक ठरलेला असतो: ‘लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको’. किंमत ५० हजारांच्या आसपास. त्याच रस्त्यावर पुढच्या दुकानात दिसायला तशीच स्कूटर लाखाच्या घरात असते. बजेट कमी असलेला माणूस साहजिकच पहिल्या दुकानात शिरतो. पण कायद्याच्या नजरेत या दोन गाड्या वेगळ्या आहेत. आणि तीन-चार वर्षांचा हिशोब मांडला तर यातली स्वस्त कोणती, याचं उत्तरही बदलू शकतं.

पासिंग का लागत नाही?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक सवलत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर तिला मोटार वाहन धरलं जात नाही. म्हणून नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्सही नाही. मात्र त्या मॉडेलला पुण्यातल्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते दुकानदाराकडे मागावं. ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर आलं, तर दुकान बदललेलं बरं.

ताशी २५ चा वेग मंडई, शाळा, क्लास एवढ्यापुरता ठीक असतो. डबलसीट आणि चढ आला की गाडी दमते. मग दुकानदार हळूच सांगतो, ‘स्पीड लॉक काढून देतो’. लॉक निघालं की गाडी ४०-४५ ने पळायला लागते आणि त्याच क्षणी सवलत संपते. आता ती विनानोंदणी, विनाविमा रस्त्यावर आलेली मोटार वाहन असते. अपघात झाला तर समोरच्याची भरपाई मालकाच्या खिशातून जाते, कारण द्यायला विमा कंपनीच नसते. अशी गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीमही काढली होती.

खरी किंमत बॅटरीची

स्वस्त गाड्यांमध्ये बहुतेक वेळा लेड-ॲसिड बॅटरी असते, म्हणजे इन्व्हर्टरच्या जातीची. १२ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. फलकावर ‘ग्राफीन’ लिहिलेलं असलं तरी फसू नये. या दुकानांतली ग्राफीन बॅटरी ही सहसा सुधारित लेड-ॲसिडच असते. रोज वापर असेल तर वर्ष-दीड वर्षात तिचा दम संपतो. आधी ५० किलोमीटर जाणारी गाडी ३० वर येते आणि नवा सेट घ्यावा लागतो. जुन्या सेटचे भंगारात थोडे पैसे येतात, एवढाच दिलासा. चार वर्षांत दोन-तीन सेट बदलले, तर सुरुवातीला वाचलेले पैसे बरेचसे तिथेच गेलेले असतात.

लिथियम बॅटरी महाग असते, पण हलकी आणि टिकाऊ असते. तिच्यावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी मिळते. काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन ती आठ वर्षांपर्यंत वाढवून देतात. या कागदावर किलोमीटरची मर्यादा किती आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, या दोन ओळी वाचाव्यात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला एक ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्या वर्षी अशा बऱ्याच घटना घडल्या आणि सरकारने बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. एआयएस-१५६ या मानकाची सुधारित आवृत्ती दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून लागू झाली. सेकंडहँड गाडी बघताना ती या तारखांच्या आधीची की नंतरची, हे नक्की पाहावं.

रेंज आणि वीजबिल

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात मोजतात. वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात, तेच हे. शहरी वापरात स्कूटरला एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास लागतात. म्हणजे २.२ युनिटची बॅटरी प्रत्यक्षात ६५-७० किलोमीटर नेते, जाहिरातीत आकडा काहीही असो. जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. त्यात घाट नसतो, मागे बसलेली व्यक्ती नसते. बॅटरी जुनी होत जाते हे धरून, रोजच्या धावेच्या दुप्पट खरी रेंज असलेली गाडी पुरते.

रोज २५ किलोमीटर, म्हणजे महिन्याला ७५० किलोमीटर धरू. लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर आणि पेट्रोल १०५ रुपये, तर खर्च सुमारे १,७५० रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली घट धरून २६ युनिट लागतात. दहा रुपयांनी २६० रुपये. महावितरणचं बिल १०० युनिटांच्या आसपास येत असेल, तर जादा युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो, हे लक्षात ठेवावं. तरीही महिन्याला दीड हजाराच्या जवळपास वाचतात. रोजची धाव आठच किलोमीटर असेल तर मात्र बचत जेमतेम पाचशेवर येते. तेवढ्यासाठी लाखाचं कर्ज काढणं परवडत नाही. तिथे खरोखर २५ च्या आतली, लॉक न काढलेली साधी गाडी पुरेशी आहे.

अनुदानाचं गणितही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून प्रति किलोवॅट-तास ५,००० रुपये मिळत होते. २०२५-२६ साठी ते २,५०० रुपये आणि एका गाडीला जास्तीत जास्त ५,००० झाले. विनानोंदणी गाड्या यात बसतच नाहीत. त्यामुळे बिलात अनुदानाची वजावट वेगळ्या ओळीत दिसते का, हे बघावं आणि एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड किंमत लिहून घ्यावी.

बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनांमुळे गाडीची किंमत एकदम खाली दिसते. किलोमीटरला एक रुपया भाडं धरलं तरी वरच्या उदाहरणात महिन्याला ७५० रुपये जातात, पाच वर्षांत ४५ हजार. हातात एकरकमी पैसे नसतील तर हे सोयीचं आहे, स्वस्त नाही.

शेवटचा प्रश्न चार्जिंगचा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर काढून वर नेता येणारी बॅटरीच हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर रात्रभर चार्जिंग करू नये, अर्थिंग नसलेल्या प्लगवर तर नाहीच. तालुक्याच्या गावी घेणाऱ्याने सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते आधी विचारावं. बंद पडलेली इलेक्ट्रिक स्कूटर नाक्यावरचा मेकॅनिक सहसा उघडत नाही, ती टेम्पोत घालूनच न्यावी लागते.