माटुंग्याची टाकी आणि सर्जापूर रोड

मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंगा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. तेथील मैल्याच्या बंदिस्त टाक्यांतील वायू १८९७ च्या सुमारास गोळा करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे. इंग्लंडातील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

टाकीचे शास्त्र सोपे आहे. प्राणवायूविना जगणारे जिवाणू मैल्याचा काही भाग पचवितात, जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. गाळ मात्र संपत नाही; दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. अन्यथा पाणी थांबायला जागा उरत नाही आणि कच्चा मैला शोषखड्ड्यातून जमिनीत, प्रसंगी बोअरवेलपर्यंत जातो.

उपसायचा कोणी, हा खरा प्रशासकीय प्रश्न. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या हालांची चौकशी केली. सुरक्षा साधनांविना माणसास टाकीत उतरविणे गुन्हा ठरण्यास मात्र २०१३ चा कायदा यावा लागला. टाकीतील विषारी वायूने माणसे त्यानंतरही मेली. कारण टाकी घरमालकाची खाजगी बाब, ही आपल्या कचेऱ्यांची समजूत बदललेली नाही.

सर्जापूर रोडवर घर घेतलेल्या मराठी वाचकांना हे नवे नसावे. बेळंदूरसारखी येथील गावे २००७ मध्ये बंगळूर महानगरपालिकेत आली. भुयारी गटार मात्र त्यांच्याबरोबर आले नाही. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन २०२४ च्या ऑक्टोबरात झाले. दरम्यानची वर्षे टँकरने पाणी आणले आणि दुसऱ्या टँकरने मैला नेला. दुसरा टँकर कोठे रिता होतो, हे विचारण्याची पद्धत नाही. (ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.) २०१७ च्या फेब्रुवारीत पेटलेले बेळंदूर तळे याच परिसरातले.

मार्ग नाही असे नव्हे. बंगळूरजवळच देवनहळ्ळी येथे २०१५ पासून उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र आहे. आपल्या वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी तर २०१८ पासून, घरमालकाच्या तक्रारीची वाट न पाहता, वेळापत्रकानुसार तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसण्याचे काम हाती घेतले.