छांबची संध्याकाळ

कुंभारीला शाळेत असताना होटगीच्या बाजूने विमानाचा आवाज आला की आपला अख्खा वर्ग खिडकीशी गोळा व्हायचा. गुरुजी रागवायचे, आणि रागवता रागवता स्वतःही वर बघायचे! १९६५ चे युद्ध मात्र आपल्या पुस्तकात शास्त्रीजी आणि ताश्कंद करार एवढ्यातच आटोपले होते. त्या युद्धातील एक संध्याकाळ स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

१ सप्टेंबर १९६५. जम्मूच्या पश्चिमेला छांब येथे पहाटेपासून पाकिस्तानी तोफा धडाडू लागल्या आणि मागोमाग पॅटन रणगाडे आले. त्यांना हवा होता चिनाब नदीवरचा अखनूरचा पूल. तो गेला असता तर त्या भागातील आपल्या सैन्याची रसदच तुटली असती. समोर आपली एक ब्रिगेड आणि एएमएक्स जातीचे मोजके हलके रणगाडे. दुपारपर्यंत जवानांची दमछाक झाली.

चारच्या सुमारास दिल्लीत लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले. हे मंत्री म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. विमाने वापरली की युद्धाचे स्वरूपच बदलणार होते. तरीही यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि तासाभरातच पठाणकोटहून विमाने उडाली.

त्यांत ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर होती. व्हॅम्पायर म्हणजे १९४८ पासून आपल्याकडे असलेले विमान, ज्याचा वैमानिक बसतो तो पुढचा भाग चक्क लाकडी! वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही नाही. संकट आले तर काच सारून उडी मारायची. समोर अमेरिकन बनावटीची, कितीतरी वेगवान सेबर विमाने. वैमानिकांना हे सारे ठाऊक होते. पण खाली जवान अडकले होते आणि सूर्य मावळतीला लागला होता.

रणगाड्यांवर मारा करायचा तर खाली यावे लागते, आणि खाली आलेले विमान वरून झडप घालणाऱ्याला सोपे सावज ठरते. झालेही तसेच. चार व्हॅम्पायर पडली. फ्लाइट लेफ्टनंट भागवत, फ्लाइट लेफ्टनंट जोशी आणि फ्लाइंग ऑफिसर भारद्वाज परतले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट फाटक उडी मारून वाचले. भागवत, जोशी, फाटक! आपल्या हजेरीपटावर शोभावीत अशीच ही आडनावे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. धूळ, धूर आणि अंधुक उजेड यांत आपली काही विमाने आपल्याच सैन्यावर मारा करून गेली. त्या दिवसानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेतली गेली. ती पाठवलीच का, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. मला वाटते, त्या घडीला हाताशी असलेले पाठवणे किंवा काहीच न पाठवणे, एवढेच दोन मार्ग होते. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने चालू लढाईत सेनापती बदलला, त्यात त्यांचा वेळ गेला. तोवर आपली कुमक पोचत होती. अखनूरचा पूल शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागला नाही.

त्या संध्याकाळी व्हॅम्पायर पाडणाऱ्यांपैकी एक, पाकिस्तानी वैमानिक रफीकी, आठवडाही उलटला नाही तोच हलवाऱ्यावरील हवाई लढाईत मारला गेला.

दिल्लीला गेलात तर इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात जरा वेळ काढा. तिथल्या भिंतींवर हजारो नावे आहेत. त्यांत भागवत आणि जोशी शोधा.