अकरा मुलं आणि एक कोयता



स्वमग्नता म्हणजे ऑटिझम हे शिकल्या-सवरलेल्या घरांतलं दुखणं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. सुरुवात लिओ कॅनरपासून. 1943 साली या अमेरिकेतल्या डॉक्टरने 11 मुलांची वर्णनं छापली. कुणी बोलतच नाही, कुणी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतं, माणसांपेक्षा वस्तूंशी गट्टी जास्त. आणि आईबाप बहुतेक उच्चशिक्षित! आता कॅनरच्या बाल्टिमोरच्या दवाखान्यापर्यंत पोचणार तरी कोण? (ज्या मॉड्यूलला टेस्टरच नाही त्यात बग सापडत नाहीत, तसलाच प्रकार.)

ही गोम लोर्ना विंगने पकडली. लंडनची डॉक्टर, स्वतःची मुलगी स्वमग्न. ज्युडिथ गूल्डबरोबर तिने कॅम्बरवेल या एकाच भागातली मुलं शोधून तपासली, 1979 साली निष्कर्ष छापले. पुढच्याच वर्षी तिने लिहिलं की श्रीमंत-गरिबाचा हा फरक बहुधा मुलं निवडली जाण्यातूनच आलेला आहे.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, 2016 च्या कायद्यात 21 प्रकारांत बसलं. 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं ठरलं. कागदावर एकदम झकास.

पण बीडमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी ऊस तोडायला जाते; त्या जोडीला म्हणतातच 'कोयता'. शाळेतल्या काही पोरांना हंगामी वसतिगृह तरी आहे. पण हाक मारली तरी न बघणारं, बोट दाखवून काही न मागणारं तीन वर्षांचं पोर आईबरोबर कारखान्याजवळच्या कोपीत. पथक आलं त्या दिवशी ते हजेरीत नाही. 'बोलंल की उशिरा' म्हणायला घरचे आहेतच.

तज्ज्ञ नाहीत म्हणून काही करता येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. गोवा आणि रावळपिंडीत 65 मुलांवर एक प्रयोग झाला, 2015-16 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेले आरोग्य कर्मचारी आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करायचे आणि आईलाच दाखवायचे: बघा, इथं तो तुमच्याकडे वळला, इथं तुम्ही थांबलात म्हणून त्याने पुढाकार घेतला. मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली.

साधारण दर पंधरवड्याला एक, अशी 12 सत्रं. म्हणजे सहा महिने. लोक एप्रिलमध्ये परतल्या परतल्या अंगणवाडीताईने यादी केली, तर दसऱ्याच्या आत ती बसतात.